पत्र्यावरचा हात

“यांचं इन्स्पेक्शन म्हणजे तळहातच दिसतोय,” पुण्याहून आलेल्या दोन इंजिनियरांपैकी जो तरुण होता तो दुसऱ्याला हळूच म्हणाला, आणि दुसरा नाकातल्या नाकात हसला. दोघांची माझ्याकडे पाठ होती. त्यांना द्यायचे कागद छातीशी धरून मी केबिनच्या दारात उभी होते. समोर कडुबामामा नेहमीसारखे प्रेसच्या ट्रेवर वाकले होते. डोळे अर्धवट मिटलेले, मान एका बाजूला कललेली, आणि उजवा हात ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावरून सावकाश फिरत होता, गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवावा तसा. ठोकळा झाला की पत्र्याच्या चारही कडा. मग पत्र्यावर रबराची चादर, चादरीवर एक थाप, आणि मगच ट्रे आत. हे मी त्याआधी शेकडो वेळा पाहिलं होतं आणि मला त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते पाहुण्यांच्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझे कान गरम झाले. पाहुणे चहा पिऊन, काम चांगलं आहे म्हणून, ऑर्डर देऊन गेले. ते वाक्य मात्र माझ्यापाशी राहिलं. मी ते कुणालाच सांगितलं नाही. पप्पांना सांगितलं असतं तर ते हसले असते आणि गोष्ट तिथंच संपली असती, असं आता वाटतं. तेव्हा मला काही सांगायचं म्हटलं की मी दुसरंच काहीतरी काम काढायची.

आमची शेड वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत होती. आजूबाजूच्या सगळ्या शेडमधून दिवसभर ठोके ऐकू यायचे, जमिनीतून पायाला कळायचे. आमचा प्रेस ठोकत नसे, दाबत असे. वर तेलानं भरलेलं एक मोठं भांडं, त्या भांड्याच्या तोंडाशी जाड काळ्या रबराचा पडदा, खाली ट्रेमध्ये ठोकळा आणि ठोकळ्यावर पत्रा. भांडं खाली येऊन ट्रेवर बसलं की पंप सुरू व्हायचा, तेलाचा दाब वाढायचा, पडदा फुगायचा आणि पत्र्याला सगळीकडून सारखा दाबत ठोकळ्याच्या अंगाला चिकटवायचा. दुसऱ्या प्रेसना वरचा आणि खालचा असे दोन साचे लागतात, आमच्याला एकच लागे. वरच्या साच्याचं काम पडदा करायचा. रबरच अंगाला लागत असल्यामुळे पत्र्याच्या वरच्या बाजूला ओरखडा उठत नसे, आणि कुणाला पंचवीस-तीसच नग हवे असले तर ते आमच्याकडे येत. कडुबामामा म्हणत, “पोटाशी धरल्यावानी धरतो ह्यो पत्र्याला.” एकच गोष्ट त्या पडद्याला सोसत नसे, ती म्हणजे धार. पत्रा कापताना कडेला एक बारीक करवती धार उरते, तिला शेडमध्ये सगळे बर म्हणत. ती कानशीनं घासून काढायची असते. ती राहून गेली, किंवा ठोकळ्याच्या कडेला तशी उठली, तर दाबाखाली ती आधी चादरीत घुसते आणि मग पडद्यात. पडदा फाटला की प्रेस म्हणजे नुसतं लोखंड. नवा पडदा बाहेरून मागवावा लागे आणि तो यायला दोन-अडीच महिने लागत.

हा प्रेस एका बंद पडलेल्या कारखान्यातून आला होता. पप्पा आणि कडुबामामा एकेकाळी त्याच कारखान्यात एकाच पाळीत हेल्पर होते. कारखाना बंद झाल्यावर पप्पांनी तो गंजलेला सांगाडा उचलून आणला आणि दोघांनी वर्षभराचे रविवार त्याच्यापुढे मांडी घालून काढले. मी तेव्हा चौथीत असेन. पप्पा घरी आले की त्यांच्या अंगाला तेलाचा जो वास यायचा, तो मला आजही कुठं आला की मी थांबते. पुढं पप्पा साहेब झाले. सोयगावकडच्या एका खेड्यातून सातवी शिकून आलेले कडुबामामा मामाच राहिले. शेडमध्ये चार माणसं असली की ते पप्पांना साहेब म्हणत, कुणी नसलं की भाऊ. पप्पा मात्र कायम त्यांना अहो-जाहो करत, कारण मामा वयानं मोठे होते.

मी छावणीतल्या इंग्रजी शाळेत शिकले. घरात मराठीच बोलायचो, तरी मराठी आकड्यांशी माझं कधी जमलं नाही. मामा दाबाचा काटा वाचून एकोणऐंशी म्हणाले की मी मनात सत्तरच्या आसपास कुठंतरी भटकत राहायची. पण माझी खरी अडचण भाषेची नव्हतीच. मी कुठल्याच भाषेत फारशी बोलत नसे. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षी कॉलेजात कंपन्या आल्या, तेव्हा आम्हा आठ जणांना एका टेबलाभोवती बसवून चर्चा करायला सांगितलं होतं. मी पूर्ण वेळ मान हलवत ऐकलं. माझ्याकडे सांगण्यासारखे दोन मुद्दे होते, ते दोन्ही दुसऱ्यांनी सांगून टाकले. सात जणांची नावं लागली असं नाही, पण माझं लागलं नाही. काही महिने मी घरात नुसतीच वावरले. मग एके दिवशी पप्पा बूट घालता घालता म्हणाले, घरात बसून तरी काय करतेस, चल शेडवर, क्वालिटीचे कागद बघ.

आमचं घर सिडकोत होतं. नळाला पाणी सहाव्या-सातव्या दिवशी यायचं. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी घराला दुसरा उद्योग नसे: ड्रम, बादल्या, हंडे, कूलरची टाकी, कुकरसुद्धा. मोटारीची घरघर आणि त्यावरून आईचा आवाज. आई बोलायला धीट होती, पण नाही म्हणायचं असलं की ती स्वतःच्या नावावर कधी म्हणत नसे. टँकरवाल्याला, सोसायटीच्या वर्गणीवाल्याला, स्वतःच्या बहिणीला, सगळ्यांना तिचं एकच वाक्य असे: यांनी सांगितलंय. मला सहलीला जायचं असलं तर पप्पांनी नको सांगितलंय. पप्पांना आपल्या निम्म्या हुकमांचा पत्ताच नसायचा. संध्याकाळी ते दमून येत, येसर आमटीत भाकरी कुस्करत आणि विचारत, ती वरच्या मजल्यावरची बाई माझ्याकडे असं का बघते. आई पदराआड हसायची. मी हे वाक्य कधी उचललं ते मला आठवत नाही. कॉलेजात मैत्रिणींना, पुढं कुणालाही, पप्पा नाही म्हणतात एवढं म्हटलं की काम व्हायचं. माझ्या आवाजाला जे वजन नव्हतं ते त्या वाक्याला होतं.

शेडवर मला सगळ्यात आवडायची ती जेवणाची सुट्टी. पुठ्ठे अंथरून आम्ही तिघं बसायचो: मामा, अफसरभाई आणि मी. अफसरभाई पत्रा कापायच्या मशीनवर होते, आणि मशीन बंद असलं की तोंड चालू. मामांच्या फडक्यात बाजरीची भाकरी, ठेचा आणि शेंगदाणे. अफसरभाईंच्या घरून कधी शुक्रवारी मटणाचा खलिया यायचा, त्याचा वास झाकण उघडायच्या आधीच पसरायचा. मामा माळकरी, ते शिवत नसत. मग तो माझ्या वाट्याला यायचा. मी खाली मान घालून जेवत असे आणि अफसरभाई रोज तेच विचारत, “क्या मॅडम, आज बी जबान की छुट्टी?” मामा त्यांना म्हणत, “तुह्या जिभंला एखादी सुट्टी दे की मग.” एवढ्यावर सगळं जेवण हसत व्हायचं. मी त्यांच्यात होते आणि नव्हतेही. मालकाची मुलगी होते, शिकाऊ होते, आणि मॅडम. यातली नेमकी कोण म्हणून बसायचं ते मला कळायचं नाही.

पाहुणे गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी वाळूजच्या बाजारातल्या दुकानातून डझनभर हातमोजे आणले. राखाडी विणीचे, तळव्याला काळ्या रबराचा थर असलेले. एक छापील तक्ताही केला: ठोकळा तपासला, कडा तपासल्या, चादर ठेवली, पुढे सही. सकाळी मामा प्रेस पुसत होते तेव्हा मी ते त्यांच्यासमोर धरलं आणि जमेल तितक्या स्पष्ट आवाजात म्हटलं की आजपासून पत्रा हाताळताना हे घालायचे.

मामांनी हातमोजा उलटसुलट करून पाहिला. आत बोटं घातली, ठोकळ्यावरून एकदा फिरवली आणि काढून ट्रेवर ठेवला. “ताई, ह्ये घातल्यावर मला काय कळंल?”

मी म्हटलं हात कापतो. ते खोटं नव्हतं. त्यांच्या तळव्यावर बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं होतं, त्यात तेल बसून काही रेघा काळ्या झाल्या होत्या. ते म्हणाले, आता त्याच्यावर कापायला जागा कुठं ऱ्हायली. अफसरभाई लांबून बघत होते. मामांनी काही वाईट म्हटलं नव्हतं, आवाज चढवला नव्हता, नुसते थांबले होते, माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत. पुण्याच्या माणसाचं वाक्य त्यांना कसं सांगणार होते? मला तुमच्या हाताची लाज वाटली, हे कसं सांगणार होते? माझ्या तोंडून आपोआप निघालं, “पप्पांनी सांगितलंय.”

“भाऊ म्हणले?”

मी मान हलवली.

“मंग घालतो,” मामा म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हातमोजे मनगटापर्यंत ओढून घेतले. अफसरभाई म्हणाले, “मामू, हात का निकाह हो गया.” मामा हसले नाहीत. पप्पा त्या आठवड्यात पत्र्याच्या खरेदीसाठी बाहेरगावी होते. आल्यावर त्यांनी हातमोजे पाहिले आणि म्हणाले, बरं केलंत. कुणाला म्हणाले ते मला कळलं नाही. बहुतेक सगळ्यांना. मामांनी त्यावर मान डोलावली. मालकानं आपल्याच हुकमावर समाधान दाखवलं असं त्यांना वाटलं असणार. मी तिथून कागद घेऊन केबिनमध्ये गेले.

त्यानंतरचे दिवस मला फार स्पष्ट आठवतात, कारण मी मामांकडे चोरून बघत असे. हात त्याच वाटेनं फिरायचा, आधी ठोकळा, मग चार कडा. पण मान कलत नसे आणि डोळे उघडे असत. एकदा त्यांनी उजवा हातमोजा काढलेला मी पाहिला. तेवढ्यात मी दिसले, तसे त्यांनी तो घाईनं पुन्हा चढवला, मास्तरांनी पाहिल्यावर पोरानं चिंच लपवावी तसा. साठीला आलेल्या माणसानं मला बघून ते करावं, याचं मला इतकं वाईट वाटलं की मी पुढं दोन दिवस प्रेसच्या बाजूला गेलेच नाही. जाऊन सांगायला हवं होतं की नका घालू. पण मग पप्पांनी नको सांगितलंय असं म्हणावं लागलं असतं, आणि एका खोट्यावर दुसरं कसं बसवायचं ते मला सुचेना. पुण्याचे लोक पुन्हा आले, त्यांनी तक्ता पाहिला, हातमोजे पाहिले. तरुणानं मान हलवली. मला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याचंही वाईट वाटलं.

आता मी दुसऱ्या शहरात एका मोठ्या कारखान्यात काम करते. तिथं हातमोज्यांशिवाय पत्र्याला कुणी शिवत नाही, आणि ते बरोबरच आहे. कडा तपासायला तिथं कापसाचा बोळा फिरवतात. धागा अडकला की समजायचं, धार आहे. इतकी साधी गोष्ट. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर मी मामांच्या हातात हातमोज्याबरोबर कापूसही ठेवला असता, असं मी कधीकधी स्वतःला सांगते. पण मला ते ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, की मामा, हातानं काय कळतं तुम्हाला?

पुण्याच्या त्या ऑर्डरमध्ये ऑपरेशनच्या दिव्यांची झाकणं होती. उथळ ताटलीसारखी, कडेला चार कान. अर्ध्याहून जास्त झाली होती. दुपारी चारच्या सुमाराला मी प्रेसजवळ दाब लिहून घेत होते. काटा चढत होता, मामा आकडे म्हणत होते, आणि चढता चढता काटा अडखळला. मग सरळ खाली आला. आवाज काही मोठा झाला नाही, कुणी मोठा उसासा टाकावा तेवढाच. ट्रेच्या चारही बाजूंनी तेल गळायला लागलं. मामांनी पंप बंद केला आणि तेलात हात घालून ट्रेची कड धरून उभे राहिले. अफसरभाई लाकडाचा भुसा घेऊन धावले. मी पेन हातात धरून होते तिथंच उभी. तेल माझ्या बुटांपर्यंत आलं तरी मी हलले नाही.

पप्पा तासाभरात आले. भांडं वर घेऊन पडदा बघितला तर एका कानाच्या जागी बोटभर चीर. ठोकळ्याच्या त्या कानाच्या कडेला किंचित धार हाताला लागत होती. पण ती आधीची की पडदा फाटताना पत्रा सरकून उठलेली, ते सांगता येत नव्हतं. अफसरभाईंचं म्हणणं, रबर जुनं झालं होतं, चादर पण घासली होती, ये तो होना ही था. पप्पांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि मामांकडे वळले. पुण्याची माणसं फोनवर होती, त्यांचं काम अडलं होतं, आणि पप्पांचा आवाज मी इतका कोरडा कधी ऐकला नव्हता.

“हात फिरवला होता का?”

“फिरवला.”

“मग लागलं नाही?”

“नाय लागलं.”

तेलानं काळे झालेले हातमोजे ट्रेच्या कडेवर तसेच पडले होते. मी त्यांच्याकडे बघत होते. मामाही बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील. तुम्हीच हात झाकायला सांगितलं, असं म्हणतील, पप्पा म्हणतील मी कधी, आणि मग सगळे माझ्याकडे बघतील. मला भीती वाटत होती आणि मी वाटही बघत होते, कारण ते बोलले असते तर मला बोलावं लागलं नसतं. मामा काहीच बोलले नाहीत. पप्पा म्हणाले की वय झालं की हाताला पूर्वीसारखं कळत नाही, यात कुणाचा दोष नाही. सोमवारपासून मामांनी अफसरभाईंकडे कटिंगला बसावं, पडदा आला की प्रेसला नवा माणूस बघू. तो प्रेस मामांनी कुणाला चालवू दिलेला नव्हता. ते तापानं फणफणलेले असताना येऊन प्रेस चालवून गेले होते. ते फक्त “बरं” म्हणाले आणि हात पुसायला फडकं शोधू लागले.

घरी येताना गाडीत मी पप्पांना म्हटलं, मामांनी हात फिरवतानाही हातमोजे घातले होते. निम्मं खरं सांगून बघितलं. पप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले, मग चांगलंच की, निदान हात तरी वाचला. आणि पुढं म्हणाले, त्यांचं त्यांना कळलं असेल हाताला पूर्वीसारखं कळत नाही म्हणून, म्हणून घालायला लागले असतील. माझं निम्मं खरं मामांच्याच अंगावर उलटलं होतं.

पुढचे दिवस मी गोंधळात काढले, दुसरा शब्द नाही. मामा का बोलले नाहीत? ते माझ्यावर रागावले असतील, म्हणून मला माझ्याच गप्प बसण्यात सोडलं असेल. की मला वाचवत असतील? की त्यांना खरंच वाटत असेल की हात थकला? आणि चीर हातमोज्यानं पडली की रबर जुनं होतं म्हणून? जर रबरच जुनं होतं तर माझं खोटं कुणाला लागलंच नाही, मग उगाच कशाला काढा? असं मनाशी म्हटलं की दहा मिनिटं बरं वाटायचं. मामा कटिंगला दोन दिवस आले. खाली बसून पत्र्याच्या कडा घासत राहिले, उघड्या हातांनी. तिसऱ्या दिवशी आले नाहीत. जेवताना अफसरभाईंनी काही विचारलं नाही आणि आम्ही दोघं लवकर उठलो.

त्या रविवारी पाणी आलं होतं. पप्पा बनियनवर, खांद्यावर पाईप घेऊन गच्चीच्या जिन्यात उभे होते, आई खालून भरलं का म्हणून ओरडत होती. मी स्वयंपाकघरात नाश्त्याला सुशीला परतत होते. आईनं मुरमुरे भिजवून पिळून ठेवले होते, फोडणी माझ्याकडे होती. फाटक वाजलं. मामा होते. धुतलेला पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, काखेत पिशवी. शेडवरच्या कपड्यांशिवाय मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं होतं. पप्पांनी पाईप ड्रममध्ये सोडला आणि हात पुसत खाली आले. दोघं व्हरांड्यात बसले. मामांनी खिशातून प्रेसच्या पॅनेलची किल्ली काढून दोघांच्या मधे फरशीवर ठेवली.

मी दाराआड बशा भरत होते. मामा सांगत होते की सोयगावला पोराचं खताचं दुकान आहे, तो कधीचा बोलवतोय, गल्ल्यावर बसायला माणूस लागतो. पप्पा म्हणाले, मी तुम्हाला जा म्हटलं नाही. मामा म्हणाले, व्हय, तुम्ही नाय म्हणले. मग दोघंही मोटारीचा आवाज ऐकत बसले. आई मोटार बंद करायला गेली आणि एकदम सगळं शांत झालं. त्या शांततेत मामा बोलले ते मला भिंतीपलीकडेही स्पष्ट ऐकू आलं.

“एकच गोष्ट मनाला लागली, भाऊ. चार माणसात बोलायचं नव्हतं, म्हणून तिथं बोललो नाय. हात झाकायचा हुकूम बी तुमचा, अन् हाताला का नाय लागलं म्हणून इचारलं बी तुम्हीच.”

“कसला हुकूम?” पप्पा म्हणाले.

मी बशा घेऊन दारात आले होते. मामांनी वर पाहिलं. माझ्याकडे, मग बशांकडे, मग पुन्हा पप्पांकडे. त्यांचा चेहरा फार थोडा बदलला. कोड्यातली एक जागा भरावी तसं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत बसलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “काय नाय. माझंच काहीतरी ऐकण्यात चुकलं आसंल. ऱ्हाऊ द्या.”

“नाही, मी कधी काय हुकूम केला?” पप्पा विचारत राहिले. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“ऱ्हाऊ द्या म्हणलं ना भाऊ. वय झालं, इसरतो माणूस.” मामा उठायला लागले, एक हात फरशीवर टेकून. तो हात किल्लीशेजारी होता, पालथा. तोपर्यंत माझी समजूत होती की मामा गप्प आहेत म्हणजे त्यांना काहीतरी कळलेलं आहे. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. इतके दिवस ते पप्पांवर रुसले होते, माझ्यावर नव्हे. आणि आता कळल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोष स्वतःच्या वयावर घेतला, मी समोर उभी असताना. आई पाठीमागून म्हणाली, बशा दे ना, गार होतंय. मी बशा खाली फरशीवर ठेवल्या. पुण्याच्या माणसाचं वाक्य, माझी लाज, ते मी त्या दिवशीही सांगितलं नाही. ते इथं लिहीपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. पण एवढं मी बोलले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटावा इतका मोठा निघाला.

“पप्पांनी नव्हतं सांगितलं, मामा. मी सांगितलं होतं, त्यांचं नाव घेऊन.”